कोडावरची शस्त्रक्रिया : आधी डाग थांबला आहे का ते पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोडाच्या पांढऱ्या डागांवर त्वचारोपणाची शस्त्रक्रिया होते, हे आता बऱ्याच वाचकांना माहीत आहे. आरोग्यविषयक लेखांत आणि जाहिरातींत 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापलेली असतात. त्यावरून मनावर ठसते ते एवढेच, की मांडीची कातडी काढून डागावर लावली की रंग येतो. पहिल्या छायाचित्राच्या आधी काय तपासावे लागते आणि दुसरे छायाचित्र निघेपर्यंत काय काय बिघडू शकते, ते मात्र छापून येत नाही. ही शस्त्रक्रिया करणारे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून आम्हाला तेच लिहायचे आहे. चुकीच्या वेळी केलेली शस्त्रक्रिया वाया तर जातेच, शिवाय रुग्णाला नवा डाग देऊन जाऊ शकते.

कोडात शरीराच्याच संरक्षक पेशी, मुख्यतः टी पेशी, कातडीतल्या मेलॅनोसाइट या रंगपेशींवर हल्ला करून त्यांना मारतात. शस्त्रक्रियेत त्याच माणसाच्या रंग शाबूत असलेल्या कातडीतून रंगपेशी उचलून डागात नेऊन ठेवायच्या असतात. हल्ला करणाऱ्या पेशी अजून कामावर असतील, तर त्या नव्याने आणलेल्या रंगपेशीही मारतात. शस्त्रक्रिया डाग भरते, आजार थांबवत नाही. रुग्णाने आणि नातेवाइकांनी हे एक वाक्य नीट समजून घेतले, तर पुढची निम्मी निराशा टळते.

म्हणून पहिला प्रश्न डाग केवढा आहे हा नाही, तो थांबला आहे का हा आहे. सर्वसाधारण नियम असा, की किमान एक वर्ष अंगावर कुठेही नवा डाग आलेला नसावा, जुना वाढलेला नसावा आणि खरचटलेल्या, भाजलेल्या किंवा कापलेल्या जागी पांढरेपणा उमटलेला नसावा. हा तिसरा मुद्दा पुष्कळदा विचारलाच जात नाही. चपलेच्या पट्ट्याखाली, कमरेला कपडा आवळतो तिथे किंवा गुडघा घासला गेल्यावर जखमेच्या आकाराचाच पांढरा डाग येत असेल, तर त्याला कोबनरचा परिणाम म्हणतात. अशा माणसाच्या मांडीवरून कातडी काढली, तर मांडीवरही पांढरा चौकोन उमटण्याची भीती असते. एकाऐवजी दोन डाग होतात.

'वर्षभर डाग तसाच आहे' हे रुग्ण मनापासून सांगतो, पण आठवणीवर विसंबून कलम, म्हणजे कातडीचे रोपण, करू नये. रोज आरशात पाहणाऱ्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची वाढ कळत नाही. दर दोन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच उजेडात, डागाशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढावा आणि तारखेसकट जपावा. डॉक्टरांना दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. डाग स्वतःही बरेच सांगतो. कड स्वच्छ आणि ठळक असेल, तर तो बहुधा थांबलेला असतो. कड धूसर असेल, पांढरा भाग आणि नेहमीची कातडी यांच्या मधे फिकट तपकिरी पट्टा असेल किंवा डागाभोवती एक ते पाच मिलिमीटरचे पांढरे ठिपके विखुरलेले असतील, तर आजार चालू आहे असेच धरावे. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली ही कड आणि हे ठिपके जास्त स्पष्ट दिसतात. गोऱ्या कातडीवर तर साध्या उजेडात न दिसणारे डागही या दिव्याखाली सापडतात.

शंका राहिली तर चाचणी कलम करावे. त्वचारोगतज्ज्ञ फालाबेला आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ही पद्धत मांडली. डागाच्या मध्यभागी साधारण एक मिलिमीटरची चार ते सहा छोटी कलमे तीन-चार मिलिमीटर अंतरावर बसवायची आणि तीन महिने थांबायचे. कलमाच्या कडेपासून एक मिलिमीटरच्या पुढे रंग पसरला, तर चाचणी अनुकूल. पसरला नाही किंवा जिथून कलम काढले तिथेच पांढरे झाले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची. चाचणी अनुकूल आली म्हणजे हमी मिळाली असे मात्र होत नाही. एका डागाची चाचणी दुसऱ्या डागाबद्दल खात्रीने काही सांगत नाही. तीन महिने थांबायला रुग्ण नाखूश असतात आणि आम्हाला त्यांची घाई समजते. तरीही ते तीन महिने वसूल होतात.

कोडाचा प्रकारही पाहावा लागतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येणारे सेगमेंटल कोड साधारण वर्ष-दोन वर्षांत आपसूक थांबते आणि मग बहुधा तसेच राहते. त्यात डागातले केसही लवकर पांढरे होतात. शस्त्रक्रियेला सर्वांत चांगला प्रतिसाद याच प्रकारात मिळतो आणि आलेला रंग टिकतोही. दोन्ही बाजूंना सारखे पसरणारे कोड वर्षानुवर्षे शांत राहून पुन्हा उसळू शकते, म्हणून तिथे शब्द जपून द्यावा लागतो.

केसांचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. औषधांनी किंवा प्रकाशोपचाराने डाग भरतो तेव्हा रंगपेशी बहुतांशी केसांच्या मुळांतल्या साठ्यातून वर येतात. म्हणून भरू लागलेल्या डागात केसांभोवती तपकिरी ठिपके आधी दिसतात. डागातले केस काळे असतील, तर साठा शिल्लक आहे. तिथे आधी मलमे आणि अरुंद पट्ट्याचा ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश यांना किमान सहा महिने नेटाने संधी द्यावी, सुरीला हात लावू नये. केस पांढरे झाले असतील किंवा ओठ, बोटांची टोके यांसारखी मुळातच केस नसलेली जागा असेल, तर साठाच नसतो. मग कितीही महिने लाइट घेतला तरी मधोमध रंग येणार कुठून? शस्त्रक्रियेची खरी गरज इथे आहे. पण बोटांच्या टोकांबद्दल पुढे लिहिले आहे, तेही वाचावे.

आता पद्धती. 'त्वचारोपण' या एका शब्दाखाली निदान चार-पाच वेगळी कामे येतात आणि कोणती निवडायची हे डागाची जागा आणि आकार पाहून ठरते.

सर्वांत सोपी पंच कलमांची. १ ते १.५ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने डागात पाच ते दहा मिलिमीटर अंतरावर भोके घ्यायची आणि मांडीच्या किंवा नितंबाच्या कातडीतून तेवढेच तुकडे काढून त्यांत बसवायचे. प्रत्येक कलमातून आजूबाजूला रंग पसरतो आणि वर्तुळे एकमेकांना मिळतात. पाच मिलिमीटरचे अंतर धरले, तर एका चौरस सेंटिमीटरला साधारण चार कलमे लागतात, म्हणजे पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या डागाला शंभर. यावरून कळेल, की ही पद्धत लहान डागांची आहे. भोके आधी घ्यावीत आणि कलमे नंतर काढावीत, म्हणजे तोवर भोकांतले रक्त थांबते. रक्त वाहत्या भोकात बसवलेले कलम वर उचलले जाते. चिमट्याने दाबलेले, सलाइनच्या ओल्या गॉझवर न ठेवता सुकू दिलेले किंवा उलटे बसलेले कलम रंग देत नाही. या पद्धतीचा नेहमीचा दोष म्हणजे कलमांची जागा बारीक खड्यांसारखी उंच राहणे. भोकापेक्षा कलम जाड असले किंवा तळाची चरबी न छाटता बसवले की असे होते. म्हणून चेहऱ्यावर ही पद्धत वापरलीच, तर एक मिलिमीटरहून मोठे पाते घेऊ नये. पापण्यांवर ती करूच नये.

ओठ, पापण्या आणि चेहऱ्यावरचे लहान डाग यांसाठी फोडाच्या टोपणाचे कलम, म्हणजे मांडीवर मुद्दाम आणलेल्या फोडाचा वरचा पापुद्रा डागावर लावणे, आम्हाला अधिक पसंत आहे. हवेच्या ओढीने फोड आणण्याचे तंत्र १९६४ साली फिनलंडमध्ये किस्टाला आणि मुस्टाकालिओ यांनी मांडले आणि फालाबेला यांनी १९७१ साली ते रंग गेलेल्या कातडीसाठी वापरले. दहा किंवा वीस मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या काढून तिचे रुंद तोंड मांडीवर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला तीन तोंडांची छोटी तोटी लावून मोठ्या सिरिंजने आतली हवा ओढून घ्यायची. साधारण ३०० मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ ठेवली, तर दीड ते तीन तासांत फोड येतो. आधी बारीक बारीक फोड दिसतात, मग ते मिळून एक टपोरा फोड होतो. खोली गार असली तर वेळ वाढतो. घाई करून ओढ वाढवली तर फोडात रक्त उतरते. कातडीचा वरचा थर खालच्या थरापासून बरोबर सांध्यावर सुटा होत असल्याने मांडीवर व्रण राहत नाही, फक्त काही महिने गडद गोल दिसतात.

नंतरचे काम नाजूक आहे. फोडाचे टोपण कडेने कातरून काचपट्टीवर उलटे पसरायचे, म्हणजे आतली ओली बाजू वर येते. तिच्यावर चिकटलेला जेलीसारखा पदार्थ हळूच पुसायचा, आत वळलेल्या कडा उलगडायच्या आणि काचपट्टी पालथी करून टोपण खरवडलेल्या डागावर सरकवायचे. ओली बाजू खाली गेलीच पाहिजे. हा पापुद्रा इतका पातळ असतो, की एकदा गुंडाळला गेला की कोणती बाजू कोणती ते ओळखू येत नाही, आणि उलटे बसलेले कलम हमखास वाया जाते. सात ते दहा दिवसांनी पट्टी काढली की बऱ्याचदा हे टोपण सुकून गळून पडते आणि खाली गुलाबी कातडी दिसते. 'कलम पडले' म्हणून घरचे हवालदिल होतात. रंगपेशी तोवर खाली उतरलेल्या असतात, आणि गुलाबी जागेवर पुढच्या काही आठवड्यांत तपकिरी छटा येऊ लागते. हे आधी सांगून ठेवणे शस्त्रक्रियेइतकेच गरजेचे आहे.

मोठ्या डागांसाठी पेशींचे द्रावण. गोतिए आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली पेशी प्रयोगशाळेत न वाढवता, नुसत्या सुट्या करून लावण्याची कल्पना मांडली आणि पुढे ती बरीच सुटसुटीत झाली. हिचा मोठा फायदा हिशेबात आहे. डागाच्या एक दशांश कातडी पुरते, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरच्या डागाला दहा चौरस सेंटिमीटर. सांधे आणि हातपायांच्या डागांसाठी मात्र एकास पाच किंवा त्याहून दाट प्रमाण घ्यावे. मांडीवरून काढलेला पापुद्रा पाते आरपार दिसेल इतका पातळ हवा. तो पेशी एकमेकींपासून सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराच्या ०.२५ टक्के द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला पन्नास-साठ मिनिटे ठेवायचा. मग ट्रिप्सिनचे काम थांबवायचे, वरचा थर चिमट्याने सोलून वेगळा करायचा, पेशी सुट्या करायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवायच्या आणि थोड्या द्रवात मिसळून डागावर पसरायच्या. पापुद्रा जाड काढला, तर ट्रिप्सिन आत पोचत नाही, थर सुटत नाहीत आणि पेशी कमी मिळतात. वेळ जास्त झाली तर पेशीच मरतात. रंगपेशी वरच्या थराच्या खालच्या बाजूला, म्हणजे थर सुटतात त्याच पृष्ठभागावर, असतात. तो पृष्ठभाग नीट खरवडला नाही, तर द्रावणात केराटिनच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या निर्जीव, थरांची गर्दी होते आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्या पेशीच कमी पडतात.

डागाची जागा तयार करणे हे कोणत्याही पद्धतीत अनुभवाचे काम आहे. फिरत्या हिऱ्याच्या घासणीने किंवा लेसरने वरचा थर काढत जायचे आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बारीक ठिपके सर्वत्र सारखे दिसले की थांबायचे. तिथवर पोचलेच नाही, तर पेशींना धरायला जागा मिळत नाही. त्याखाली गेले, तर व्रण राहतो. बधिर करण्याच्या औषधात ॲड्रेनलिन असले, तर रक्तवाहिन्या आवळतात, ठिपके उशिरा दिसतात आणि नवखा हात खोल जातो. कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर निरोगी कातडीही खरवडावी. हे टाळले, तर रंग आल्यावर डागाच्या जागी पांढरी कडी उरते आणि लांबून तीच आधी दिसते. द्रावण पातळ असल्याने गाल, हनुवटी किंवा पोटरीवरून ओघळते. त्यात हायल्युरॉनिक आम्ल हा दाटपणा आणणारा पदार्थ मिसळला तर ते जागी राहते. वर कोलॅजनचा पडदा, त्यावर ओला गॉझ आणि घट्ट पट्टी.

पातळ कातडीचा सलग तुकडा लावण्याची पद्धत यांत जुनी आहे. डॉ. पी. एन. बहल यांनी १९६४ साली कोडासाठी पातळ कलमांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. रंग लवकर आणि भरपूर येतो, पण तुकडा जरा जाड झाला की ठिगळ लावल्यासारखा उठून दिसतो आणि कडा वळतात. भुवया आणि पापण्यांवरचे केस पांढरे झाले असतील, तर केसांच्या मुळांचेच रोपण करता येते. मूळ आपल्याबरोबर रंगपेशींचा साठाही आणते. प्रयोगशाळेत रंगपेशी वाढवून लावणेही शक्य आहे, पण त्याला तशी सुसज्ज प्रयोगशाळा आणि काही आठवड्यांचा वेळ लागतो.

हे सर्व बहुधा जागा बधिर करून होते, संपूर्ण भूल लागत नाही. पण बधिर करणाऱ्या औषधालाही मर्यादा आहे. ॲड्रेनलिन नसलेले लिग्नोकेन किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या वर देऊ नये. साठ किलोच्या माणसाला ते २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे साडेतेरा मिलिलिटर. डाग आणि मांडी दोन्ही याच हिशेबात बसवायची असतात. म्हणून 'एकाच बैठकीत अंगावरचे सगळे डाग' असे कोणी म्हणत असेल, तर औषधाचा हिशेब कसा मांडला, हे जरूर विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि जखमेवर जाड गाठाळ व्रण येण्याची प्रवृत्ती यांची माहिती रुग्णाने स्वतःहून द्यावी. गाठाळ व्रण येत असतील, तर बहुतेक वेळा ही शस्त्रक्रिया न केलेलीच बरी.

पट्टी साधारण सात दिवस उघडायची नाही, भिजवायची नाही आणि ती जागा हलवायची नाही. कलम निकामी होण्याचे सर्वांत साधे कारण हालचाल हे आहे. गुडघा, कोपर, घोटा इथे आधाराची पट्टी बांधावी. ओठावर कलम असेल, तर बोलणे कमी, आहार पातळ आणि चमच्याने. नळीने ओढून पिऊ नये, कारण त्यात ओठ आवळले जातात. वाढत जाणारी कळ, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल तर सात दिवसांची वाट न पाहता दाखवावे. मांडीची जखम एक ते दोन आठवड्यांत भरते.

जखमा भरल्या की साधारण तीन-चार आठवड्यांनी प्रकाशोपचार सुरू करावा, आठवड्यातून दोन-तीन वेळा. त्याने रंग पसरायला मदत होते. इथे बरेच जण कंटाळतात, आणि मग कलमांचे सुटे ठिपके तसेच राहतात. पहिले काही महिने नवा रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद दिसतो, सावळ्या रंगात जास्तच. त्यावर रंग उजळवणारी मलमे लावू नयेत, तो हळूहळू मिसळतो. अंतिम परिणाम सहा महिने ते वर्षभराने पाहावा.

आता बोटांची टोके, नखांभोवतीची जागा, तळहात, तळपाय. इथे कोणत्याही पद्धतीने मिळणारा रंग कमी आणि बेभरवशाचा असतो. सतत घासणे आणि हलणे हे एक कारण, केसांची मुळे नसणे हे दुसरे. चेहरा, मान आणि धड यांचे परिणाम दाखवून बोटांसाठी रुग्ण तयार करणे आम्हाला अयोग्य वाटते. लहान मुलांतही घाई नको. आजार थांबला आहे की नाही हे त्या वयात ठरवणे अवघड असते आणि दोन-तीन तास स्थिर पडून राहणे मुलाला जमत नाही. सेगमेंटल प्रकारात, मूल समजत्या वयाचे झाल्यावर विचार करता येतो.

आपल्यासारख्या दैनिकाकडे आमची मागणी आहे. कोडाच्या शस्त्रक्रियेची छायाचित्रे छापताना, ती लेखातली असोत की जाहिरातीतली, चार गोष्टी खाली याव्यात : शस्त्रक्रियेआधी किती महिने डाग स्थिर होता, कोड कोणत्या प्रकारचे होते, कोणती पद्धत वापरली आणि दुसरे छायाचित्र किती महिन्यांनंतरचे आहे. मांडीच्या जागेचेही छायाचित्र द्यावे. ज्याला ही माहिती देता येत नाही, त्याचे छायाचित्र छापू नये. एका महिन्यानंतरची ताजी तपकिरी छटा वर्षभराने टिकली का, हे वाचकाला कळायलाच हवे.

शस्त्रक्रियेनंतर काही जागा कोऱ्या राहिल्या, तर दुसरी बैठक करता येते. पण ती सहा महिन्यांच्या आत करू नये, कारण तोवर पहिल्या कलमांचा रंग पसरतच असतो. त्या आधी अंगावर कुठेही नवा ठिपका आला, अगदी तांदळाएवढा का असेना, तर दुसरी बैठक रद्द करून आधी आजार शमवणारी औषधे सुरू करावीत आणि वर्षभराची मोजणी पहिल्यापासून धरावी.

आपले,
त्वचाशस्त्रक्रिया करणारे काही त्वचारोगतज्ज्ञ